केशरी गाडीचा सातबारा

बँकेच्या नोकरीत मी सातबाराचे किती उतारे वाचले, याची गणती नाही. १९९० च्या दशकात काही वर्षं मी रोह्याजवळ धाटावला होतो. एका बाजूला कुंडलिका, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीची धुराडी आणि मध्ये आमची छोटी शाखा. कर्जाला येणारा शेतकरी घडी घातलेला उतारा टेबलावर ठेवी. नियमाप्रमाणे मी फक्त कब्जेदाराचं नाव आणि बोजा पाहायचा, पण मला फेरफाराच्या नोंदी खालपासून वरपर्यंत वाचायची खोड लागली होती. वारसाने, खरेदीने, वाटणीने, आणि धाटावात तर संपादनाने. प्रत्येक नोंद एका ओळीची. तिच्यामागे कुणाचं तरी लग्न, आजारपण किंवा भावाभावांतलं भांडण.

तिथेच एकदा एक गॅरेजवाले मिस्त्री कर्ज मागायला आले. त्यांच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली एक जुनी हेराल्ड मोटार होती. कुणी हौशी माणसाने तिचं छप्पर कापून ती उघडी केलेली. मिस्त्रींना ती पुन्हा उभी करायची होती. आरसी बुकावर मात्र तीन हात मागच्या मालकाचं नाव होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, उलट गॅरेजात नेऊन चहा पाजला. भिंतीवर कुठल्याशा परदेशी मासिकातलं एक पान डकवलेलं होतं. त्यावर एक लांबलचक, उघड्या टपाची, केशरी आणि काळ्या रंगाची मोटार होती आणि खाली इंदूरच्या होळकर महाराजांचं नाव.

ती गाडी म्हणजे ड्युसेनबर्ग. तिच्या मालकाचं आयुष्य पुढे मी मिळेल तिथून वाचत गेलो. महाराज यशवंतराव होळकर दुसरे. वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं की या माणसाचं चरित्र लिहायचं तर ते फेरफाराच्या नोंदींसारखंच लिहायला हवं.

पहिली नोंद अर्थात वारसाची. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी तलवारीच्या जोरावर माळव्यात दौलत उभी केली आणि अहिल्याबाईंनी तिला नाव मिळवून दिलं. अहिल्याबाईंच्या कारभारात खासगी आणि दौलत अशी दोन खाती वेगळी होती. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जे घाट आणि देवळं बांधली, त्याचा खर्च खासगीतून केला, हे आम्हा हिशेबी माणसांना फार भावतं. याच घराण्यात ६ सप्टेंबर १९०८ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला.

गादी त्यांच्याकडे आली ती मात्र एका वाईट प्रसंगातून, आणि योगायोग असा की त्या प्रसंगातही मोटारीच होत्या. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या एका मोटारीने अडवली. बावलासोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या दरबारातून निसटलेली. हल्लेखोर तिला न्यायला आले होते. बावलाचा खून झाला. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके तिथे पोचले आणि त्यांच्यामुळे मुमताज वाचली. तपासाचा माग इंदूरपर्यंत गेला. चौकशीला सामोरं जायचं की गादी सोडायची, असा पेच तुकोजीराव होळकरांपुढे उभा राहिला आणि १९२६ साली त्यांनी गादी सोडली. सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले.

शिक्षण सगळं इंग्लंडमध्ये झालं, शेवटी ऑक्सफर्डला. लग्न तिथल्या शिक्षणाच्या काळातच, वडिलांच्या हयातीत लावलेलं. पत्नी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा जन्म ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातल्या. हे दोघं तरुण, उंच, देखणे. मॅन रे या गाजलेल्या छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढले. बर्नार बुते द मोंव्हेल याने यशवंतरावांची दोन चित्रं रंगवली. एकात ते युरोपीय मेजवानीच्या पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात मराठेशाही पोशाखात पांढऱ्या गादीवर बसलेले. दोन्ही चित्रांतला माणूस एकच, हे चटकन पटत नाही. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी मैत्री झाली आणि १९३० नंतरच्या तीन वर्षांत इंदूरला माणिकबाग महाल उभा राहिला. ना घुमट, ना झुंबरांची गर्दी. सरळ रेषा, पोलादी खिडक्या, काचेचं आणि धातूचं फर्निचर. ल कॉर्ब्यूझिए, आयलीन ग्रे, रुलमान यांच्या खुर्च्या-टेबलं युरोपात नवीन होती, तेव्हाच ती माळव्यात येऊन पोचली.

मोटारींचं वेडही त्याच नजरेतून आलेलं. इतर संस्थानिक गाड्यांना चांदी मढवीत, सिंहासनं बसवीत. यशवंतरावांना गाडीची रेषा आवडायची आणि स्वतः चालवायला आवडायची. ड्युसेनबर्ग ही अमेरिकेतली इंडियानापोलिसची कंपनी, जर्मनीहून आलेल्या दोन भावांनी काढलेली. तिचं जे मॉडेल १९२८ च्या डिसेंबरात बाजारात आलं. आठ सिलिंडरचं, जवळपास सात लिटरचं, २६५ अश्वशक्तीचं इंजिन. पुढे सुपरचार्जर बसवलेलं एसजे आलं, त्याची शक्ती ३२०. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकायची, आणि नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर होती. त्या दिवसांत फोर्डची अख्खी गाडी पाचेकशे डॉलरला मिळे. वरचं अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायचं. जे मॉडेलच्या पाचशेच्या आतच गाड्या बनल्या, आणि कारखान्यातून सुपरचार्जर घेऊन निघालेल्या एसजे तर चाळिसाच्या आत.

यशवंतरावांनी १९३५-३६ च्या सुमारास लांब चासीची एसजे मागवली आणि तिचं अंग लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतलं. एवढ्या अवाढव्य चासीवर उघडी आणि फक्त दोन माणसांची गाडी. नाक लांब, मागची बाजू उतरती, पुढे मोठ्या दिव्यांजवळ लाल आणि निळे छोटे दिवे. केशरी-काळ्या रंगात भगव्या निशाणाची आठवण. १९३७ मध्ये ड्युसेनबर्गचा कारखाना बंद पडला. म्हणजे ही गाडी त्या घराण्यातली जवळजवळ शेंडेफळ.

त्याच १९३७ मध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघं बावीस-तेवीस. मागे लहानगी मुलगी उषा. या दांपत्याला इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. ब्रांकुसी या शिल्पकाराचे तीन पक्षी, एक काळा, एक पांढरा आणि एक पितळी झळाळीचा, यशवंतरावांनी घेऊन ठेवले होते. ब्रांकुसी स्वतः इंदूरला येऊनही गेला. मंदिर मात्र बांधलंच गेलं नाही. मला या आयुष्यातली सर्वांत चटका लावणारी नोंद हीच वाटते, कारण कुठल्याच कागदावर तिचा फेरफार झालेला नाही.

पुढच्या नोंदी भराभर येतात. दोन लग्नं झाली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. दुसऱ्या पत्नीशी घटस्फोट, तिसरीपासून १९४४ मध्ये मुलगा. प्रकृती नाजूक, वर्षातले कितीतरी महिने परदेशात. राज्यकारभाराकडे दुर्लक्ष होतं हा आरोप त्यांच्यावर तेव्हाही होता, आणि तो खोडून काढणं अवघड आहे. अहिल्याबाईंच्या खात्यांमधली ती स्वच्छ रेघ दीडशे वर्षांत पुसट झाली होती. माळव्यातल्या रयतेचा सारा आणि लंडनच्या कारागिराचं बिल यांच्यातलं अंतर किती, हे विचारल्याशिवाय बँकवाल्याला राहवत नाही.

पण दुसरी बाजूही जमेला धरायला हवी. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला आणि इंदूर शहराला पाणी मिळालं. कर्नल सी. के. नायडू इंदूरकडून खेळले. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू होळकर संघात घडले. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. मुंबईकडून तो सामना हरले, पण पुढच्या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक इंदूरला गेला. घरी जुने क्रिकेटवेडे आजोबा असतील तर विचारून पाहा, ते अजून या संघाबद्दल हळवे होतात.

१९४८ ची नोंद संपादनाची. विलीनीकरणाला यशवंतराव सहजासहजी तयार नव्हते. अखेर सही झाली, २८ मे १९४८ ला मध्य भारत अस्तित्वात आलं आणि महाराज उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये तेही पद संपलं. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ५३.

मग वस्तूंच्या वाटा फुटल्या. वडिलांनी पॅरिसला घेतलेले इंदूरचे जुळे हिरे त्याआधीच, १९४६ मध्ये, न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याकडे गेले होते. संगमरवरी पक्ष्यांची जोडी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि पितळी पक्षी कॅलिफोर्नियात. माणिकबागेतल्या खुर्च्या-टेबलांचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला. महालात केंद्र सरकारच्या अबकारी खात्याचं कार्यालय आलं. ड्युसेनबर्ग अमेरिकेला, तिच्या जन्मभूमीला परतली आणि एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

अशा गाड्यांच्या जगात कागदाला फार किंमत आहे. ड्युसेनबर्गची चासी आणि अंग वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेलं, त्यामुळे पुढच्या मालकांनी एका गाडीचं अंग दुसरीवर सर्रास चढवलं, इंजिनंही बदलली. म्हणून जाणकार आधी चासीवरचा आणि इंजिनावरचा ठोकलेला आकडा पाहतात, मग बिलं, जुने फोटो, मालकांची ओळीने यादी. पत्रा नवा ठोकता येतो, रंग नवा देता येतो, फाटलेलं चामडं बदलता येतं, पण मालकीच्या साखळीतली निखळलेली कडी पुन्हा घडवता येत नाही. या गाडीवर होळकरांच्या नावाची मोहोर आहे, आणि इतक्या हातांतून जाऊनही रंग केशरी-काळाच ठेवला आहे. मधल्या मालकांनी पैसे मोजले, डागडुजी केली. तरी जाणकारांच्या तोंडी ती आजही महाराजांचीच गाडी.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचं महत्त्व उशिरा कळलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, तिच्यात मोठा फेरबदल केलेला नको. हे वाचलं तेव्हा मला धाटावची ती छप्पर कापलेली हेराल्ड आठवली. या नियमातही ती बसली नसती. माझा नकार कागदाने बरोबरच होता.

निवृत्तीनंतर एकदा इंदूरला गेलो होतो. रिक्षावाल्याला माणिकबाग विचारली तर त्याने रस्ता सांगितला, पण महालाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. ड्युसेनबर्गचं नाव तर त्याने ऐकलेलंच नव्हतं. वाटेत एक प्रचंड इमारत दिसली. एम. वाय. हॉस्पिटल, तो म्हणाला. त्याची दोन्ही मुलं तिथेच जन्मली होती. एम. वाय. म्हणजे महाराजा यशवंतराव, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि हॉर्न वाजवत गर्दीतून रिक्षा पुढे काढली.