यंत्रावर विश्वास, पण पारखून!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त आठवण कोणाची होते? टॉपरच्या जर्नलची? छे! आता मोबाइलमधल्या एआयची. प्रश्न टाका, उत्तर हजर. पण व्हायवात सरांनी हे कसे आले असे विचारले, की दांडी गुल! म्हणूनच, हा विषय आपल्याकडे फार आधी हाती घेणाऱ्या एका इंजिनिअरची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव डॉ. आर. नरसिंहन.

जन्म १९२६ चा, मद्रासचा. इंजिनिअरिंगनंतर ते अमेरिकेला गेले, गणितात पीएच.डी. केली आणि १९५४ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे डॉ. होमी भाभांच्या संस्थेत आले. काम काय, तर देशातच संगणक बांधायचा! हाताशी तरुण पोरांचा गट, अनुभव जेमतेम. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले, मग मोठे. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि मेमरी फक्त २,०४८ शब्दांची. १९६० मध्ये हे यंत्र रीतसर कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले, टिफ्रॅक.

आपल्या मोबाइलपुढे टिफ्रॅक म्हणजे खेळणेच. पण बांधणाऱ्यांना त्याची वायर न् वायर ठाऊक होती. उत्तर चुकले, तर कुठे चुकले ते शोधता येत होते.

नरसिंहन मात्र आकडेमोडीवर थांबले नाहीत. यंत्राला चित्र कसे ओळखता येईल, यावर त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काम केले. परतल्यावर ते भाषेकडे वळले. एका तमिळ घरातल्या चिमुरडीचे बोलणे महिनोन्महिने टेप करून मूल भाषा कशी शिकते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. यंत्राला बोलते करण्याच्या गोष्टी करायच्या, तर आधी माणूस कसा बोलतो ते नको का बघायला?

तेव्हाही लोकांचा संगणकावर भरवसा नव्हता बरं का! १९६० च्या दशकात एलआयसीमध्ये संगणक येणार म्हणताच नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचाऱ्यांनी आंदोलने केली. मग विश्वास बसला कसा? नरसिंहन ज्या सीएमसीचे पहिले अध्यक्ष होते, त्याच कंपनीने १९८० च्या दशकात रेल्वेचे संगणकीय आरक्षण उभे केले. खिडकीवर छापील तिकीट मिळायचे, डब्यावरच्या चार्टमध्ये आपले नाव दिसायचे आणि बर्थही तोच निघायचा. यंत्राच्या आत काय चालते, हे प्रवाशाला कळत नव्हते. पण त्याचे उत्तर पडताळता येत होते. भाषणांपेक्षा त्या चार्टने जास्त काम केले!

१९७७ मध्ये नरसिंहन यांना पद्मश्री मिळाली. २००४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत, त्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे पुस्तक आले. २००७ मध्ये ते गेले. टीआयएफआरमधल्या त्यांच्या कामातूनच एनसीएसटी ही संस्था वाढली. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचे केंद्र आहे, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

आज ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. एआय कर्जाचा अर्ज तपासते, आजाराबद्दल सल्ला देते, मराठीत गप्पाही मारते. पण त्याचे उत्तर पडताळायला सामान्य माणसाकडे चार्ट कुठे आहे? तो तयार करण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते इंजिनिअरनेच करायचे आहे. म्हणजे, आपणच!