पंडिता रमाबाई : दुःख न झाकणारी श्रद्धा

ज्ञातीत जन्मलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र या स्मरणिकेसाठी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव कळविले. काही मंडळींच्या मनात प्रश्न उभा राहील, हे आम्हांस ठाऊक होते. बाई चित्पावन कुळात जन्मल्या, परंतु पुढे ख्रिस्ती झाल्या. तेव्हा त्यांना आपल्या म्हणावे की न म्हणावे? शाळेत शिकवीत असता आम्ही स्वतःही हा प्रश्न टाळीतच आलो. शारदा सदन, मुक्ती मिशन आणि दोन-तीन सने फळ्यावर लिहून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. आता उतारवयात त्यांचे चरित्र नीट वाचल्यावर आमची चूक आमच्या ध्यानी आली आहे. या पुण्यशील बाईंचा सर्वांत मोठा गुण कोणता, असे कोणी विचारील, तर विद्वत्ता आणि सेवा यांच्याही आधी आम्ही त्यांचा प्रामाणिकपणा सांगू. आपले दुःख आणि आपली शंका त्यांनी माणसांपासून लपविली नाही, आणि देवापासूनही लपविली नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृतज्ञ. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला, आणि शास्त्राधारे त्यांनी तो दिला. मातोश्री लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी लेकीस मांडीवर घेऊन संस्कृताचे पाठ दिले. पुढे गाठीचे द्रव्य सरले, आणि पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे फिरू लागले. तशात दुष्काळ आला. १८७४ साली वृद्ध, अंध झालेले शास्त्रीबुवा अन्नावाचून खंगून वारले. पाठोपाठ माताही गेली. मरणोन्मुख आईसाठी भाकरीचा तुकडा मागण्यास रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तुकडा मिळाला, पण तो गिळण्याचे त्राण आईच्या अंगी उरले नव्हते. काही काळाने थोरली बहीणही गेली. उरलेली बहीणभावंडे पायी उत्तर हिंदुस्थान हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून ती त्यांत गळ्यापर्यंत पुरून घेऊन निजत.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० साली बंधू श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास या परज्ञातीय बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. वयाची चोविशी पुरी होण्याआधी आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती अशा पाच जणांचे मरण त्यांनी पाहिले होते.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडास गेल्या. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बाईंनी दुःखाने खचून परधर्माचा आश्रय घेतला, असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. लंडनातील फुलहॅम भागात वाँटेज मठाच्या भगिनी पतित मानलेल्या स्त्रियांना मायेने वागवितात, हे त्यांनी पाहिले. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी ऐकली. अशा स्त्रीस तुच्छ न लेखणारा गुरू त्यांस तेथे भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने सारे दुःख धुऊन निघाले, अशी कथा सांगणे त्यांस सहज शक्य होते. त्यांच्या गुरुजनांस ती प्रियही झाली असती. पण त्यांनी ती सांगितली नाही. इंग्लंडच्या प्रवासातील त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने तेथेच स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला होता. तो घाव ताजा होता. कानांनी ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीच्या शिक्षणाची आशाही मावळली. तशात धर्माचे सिद्धान्त त्यांच्या बुद्धीस पटेनात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकच कसे, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा आक्षेप होता. मांसाहार तर त्यांनी जन्मभर केला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांस हा सारा अहंकार वाटे, आणि नव्या शिष्येने नम्रपणे ऐकावे अशी त्यांची अपेक्षा असे. बाईंनी प्रेमाने पण ठामपणे उत्तरे लिहिली. हिंदुस्थानातील पुरोहितांच्या शब्दास आपण बांधून घेतले नाही, तेव्हा इंग्लंडातील पाद्र्यांच्या शब्दासही डोळे मिटून बांधून घेणार नाही, असा त्यांचा आशय असे. उपकारकर्त्यांच्या छपराखाली राहून, पदरी लहान मुलगी असता, हे लिहिण्यास केवढे धैर्य लागले असेल!

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे साहाय्य मिळवून त्या स्वदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे महर्षी कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९० साली सदन पुण्यास आले.

बाहेरून पाहता कार्य भरभराटीस आले होते. आत मात्र बाईंस शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक असूनही आपणांस देव भेटलाच नव्हता, अशी कबुली त्या गृहस्थाने दिली होती. ते वाचून बाईंनी स्वतःस तपासले. ख्रिस्ताचा धर्म आपण स्वीकारला, पण ख्रिस्त आपणांस मिळाला नाही, हे त्यांस कळून चुकले. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटली होती. त्यानंतर पापांची क्षमा आणि मनाची विश्रांती त्यांस लाभली, असा त्यांचा अनुभव. १९०७ साली, कीर्ती शिखरावर असता, त्यांनी ही सारी हकीकत साक्षरूपाने छापून प्रसिद्ध केली. आठ वर्षे आपली श्रद्धा आतून पोकळ होती, हे हजारोंच्या आश्रयदात्रीने आपण होऊन सांगावे, हे आम्हांस त्यांच्या पदव्यांहून थोर वाटते.

हा प्रामाणिकपणा त्यांस महागात पडला, हेही सांगितले पाहिजे. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरले होते. पण बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आत येऊन बसत. ते दार लावण्यास बाई तयार झाल्या नाहीत. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूस झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वास दुखावला, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. न्याय दोन्ही बाजूंस दिला पाहिजे. पण बाईंनी चोरून काही केले, असे मात्र कोणास म्हणता येणार नाही. स्वधर्मीय राज्यकर्त्यांपुढेही त्यांची जीभ अडखळली नाही. १८९७ साली प्लेगच्या काळात पुण्यातील इस्पितळात आपल्या मुलीची झालेली दैना त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केली, आणि सरकारचा रोष ओढवून घेतला.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या मुलींचे चेहरे पाहून त्यांस स्वतःचे वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणून केडगावी आश्रय दिला, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांचे शिक्षण अशी नाना कामे तेथे चालत. स्वतःच्या भुकेची आठवण दडपून टाकली असती, तर त्या मुलींची भूक बाईंस इतकी कळली असती काय?

अखेरची परीक्षा सर्वांत कठीण होती. जिच्या हाती सारे कार्य सोपवावयाचे, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर वर्षानुवर्षे चालविले होते. शोक उराशी धरूनच त्यांनी ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

आता एक घरची गोष्ट सांगून लेख पुरा करतो. आमच्या लहानपणी आमच्या घरी वडिलांची एक वृद्ध आत्या होती, बालविधवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचे आयुष्य सरले. तिने कधी दुःख बोलून दाखविले नाही, आणि आम्ही कोणी विचारलेही नाही. तिच्या त्या मौनास आम्ही सोशिकपणा म्हणून गौरवीत आलो. रमाबाईंचे चरित्र वाचल्यापासून त्या गौरवाची आम्हांस लाज वाटते. धर्म कोणताही असो. ज्या घरात, ज्या देवळात किंवा ज्या प्रार्थनामंदिरात माणसास आपले दुःख आणि आपली शंका मोकळेपणी सांगता येत नाही, तेथे श्रद्धा वरवरचीच राहते. ज्ञातिबंधुभगिनींनी बाईंचा धर्म स्वीकारावा, असे आम्ही म्हणत नाही. आपापल्या घरातील कोपऱ्यात कोणी असे मुके बसले आहे काय, एवढे आज घरी गेल्यावर पाहावे, आणि त्यांस विचारावे, इतकीच आमची नम्र विनंती आहे.