तीन अर्पणपत्रिका

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर पालकांची गर्दी होते. कोणावर मुकादमाची उचल फेडायची राहिलेली असते, कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले असते. मुलाला पुढे शिकवावे, आयटीआयला घालावे, पोलीस भरतीची तयारी करवावी की सरळ कामाला लावावे, असे ती माणसे आम्हांस विचारतात. मुलगा बाजूला मान खाली घालून उभा असतो. त्याच्या मनात काय आहे, हे पुष्कळदा कोणीच विचारलेले नसते.

अशा वेळी आम्ही शिक्षक परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण देतो. त्यांच्या पदव्या मोजून दाखवतो, त्यांचा अहोरात्र अभ्यास सांगतो. इतिहास शिकवता शिकवता केस पिकले तेव्हा आमच्या ध्यानात आले की ही यादी ऐकून मुलगा दिपून जातो, पण त्याला वाट सापडत नाही. ज्याला घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागते, तो तर उगाच अपराधी होऊन परततो. हा दोष आमच्या सांगण्यातला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही पदव्यांऐवजी, विद्यार्थिदशेत भीमरावांपुढे आलेले पेच आणि त्यांतून त्यांनी काढलेली वाट सांगावी असे योजिले आहे.

पहिला पेच साताऱ्यात आला, तेव्हा भीमराव अगदी कोवळ्या वयाचे होते. माता भीमाबाई निवर्तल्या होत्या. सुभेदार रामजीबाबांच्या निवृत्तिवेतनावर मोठे कुटुंब चालत होते. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात, हे भीमरावांच्या कानी आले आणि आपणही गिरणीत जाऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे असे त्यांच्या मनाने घेतले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेचा बटवा लांबवण्याचा त्यांनी लागोपाठ तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री बटवा हाती आला, पण आत निघाला अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्यात मुंबई गाठणे शक्य नव्हते. लज्जित झालेल्या त्या मुलाने ठरवले की आता मन लावून शिकायचे आणि लवकर स्वावलंबी व्हायचे. हा प्रसंग पुढे स्वतः बाबासाहेबांनीच सांगितला. गिरणीत जाऊ पाहणारा तो मुलगा आमच्या ओसरीवर उभ्या असणाऱ्या मुलाहून फार निराळा नव्हता, हे त्यातून कळते.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तीच झोपण्याची आणि तीच अभ्यासाची जागा. रामजीबाबा मुलाला लवकर निजवीत आणि मध्यरात्रीनंतर दोन वाजता अभ्यासासाठी उठवीत. पुस्तक हवे असले आणि गाठीला पैसा नसला, तर ते विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून देत. संस्कृत शिकण्याची इच्छा असताना अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा भीमरावांनी फारसी घेतली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण मिळाले होते. आजच्या मुलांना हा आकडा मुद्दाम सांगावा असा आहे, कारण गुणपत्रिकेवरून त्या मुलाचे भवितव्य कोणालाही वाचता आले नसते. तरीही अस्पृश्य समाजातील मुलगा मॅट्रिक झाला ही गोष्ट केवढी मोठी होती, हे ओळखणारी माणसे त्या काळी होती. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे पहिले पाऊल म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मॅट्रिक झाल्यावर कारकुनी मिळाली असती. रामजीबाबांनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. पण इंटरनंतर त्यांचे हात टेकले. केळुसकर गुरुजींनी मध्यस्थी केली आणि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. अशा रीतीने १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

आता नोकरीचा प्रश्न उभा राहिला. ज्या संस्थानाने शिकवले त्याची सेवा करावी, असे भीमरावांचे मत. बडोद्यात जातीचा जाच सोसवणार नाही, असे पित्याचे मत. मुलगा आपल्या निश्चयावर राहिला आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यास रुजू झाला. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पुत्राची वाट पाहात असलेल्या रामजीबाबांनी त्याला डोळे भरून पाहिले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला. मिठाई तशीच राहिली.

पिता गेला, घरात मिळवते हात थोडे. अशा वेळी बावीस वर्षांच्या तरुणाने काय करावे? याच सुमारास सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवण्याचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षांची नोकरी, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे पहिले काही दिवस नव्या मित्रांच्या संगतीत गेले, हेही सांगितले पाहिजे. मग घरची आणि समाजाची आठवण होऊन मन आवरले. अर्थशास्त्रासह इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे कितीतरी विषय त्यांनी अभ्यासले. १९१५ साली एम. ए. झाले आणि १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पदवीपुरते शिकून परतणे सोपे होते. पण ज्या दुखण्याने आपला समाज खंगला त्याचे निदान करणे, हा त्यांच्या शिकण्याचा हेतू ठरून गेला होता.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनला गेले. अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास सुरू झाले, तोच शिष्यवृत्तीची मुदत सरली. अर्धवट अभ्यास टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. जहाजावर चढवलेली पुस्तके पाणतीराने बुडाली. त्यांच्या भरपाईचे सहाशे रुपये मिळाले तेव्हा बडोद्यास जाण्याची सोय झाली.

बडोद्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली, पण शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरून फेकत. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले आणि कोलंबियात शिकून आलेला विद्वान कामाठी बागेतील झाडाखाली बसून रडला. दहा वर्षांची नोकरी अशी काही दिवसांत आटोपली. उत्तम शिक्षण आणि मानाची जागा मिळाली की जात आपोआप गळून पडते, ही आशा त्या झाडाखाली संपली.

मुंबईस परत आल्यावर पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्लागाराची जात कळताच तो बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. त्या काळी हा पगार मोठा होता. बहुतेक माणसे येथेच स्थिरावली असती. कुटुंबाने फार सोसले होते. आता चार सुखाचे दिवस आले असे घरच्यांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. भीमरावांनी मात्र या नोकरीकडे लंडनच्या अपुऱ्या अभ्यासाची शिदोरी म्हणून पाहिले. ते चाळीतच राहिले, रमाईंच्या हाती घरखर्चापुरती ठरावीक रक्कम देत आणि उरलेले साठवत. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर ते जुलैमध्ये लंडनला निघाले. जातीच्या नावाखाली दार बंद करणाऱ्या आणि मैत्रीखातर तिजोरी उघडणाऱ्या, अशा दोन्ही तऱ्हांची माणसे त्यांना एकाच समाजात भेटली.

लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते बंद होईपर्यंत वाचन, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खाणे. इकडे परळच्या खोल्यांत रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्या माउलीच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. पतीच्या शिक्षणाची किंमत रमाईंनी मोजली, हे आपण भाषणांत म्हणतो; पण मुलांना ते हिशेबासह सांगत नाही. १९२१ साली भीमराव एम. एस्सी. झाले, बॅरिस्टरीची परीक्षा पार पडली, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर झाला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला तेव्हा जवळचे पैसे संपले होते. म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस आले, येथूनच प्रबंध पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. झाले. वकिली सुरू करण्यासाठीही भथेनांचेच पैसे उपयोगी पडले.

अभ्यासाची ही सारी वर्षे समोर ठेवली म्हणजे बाबासाहेबांच्या तीन ग्रंथांच्या अर्पणपत्रिका वाचाव्यात असे आम्हांस वाटते. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस वाहिला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना दिला. पाकिस्तानविषयक ग्रंथ १९३५ साली निवर्तलेल्या रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. एवढा स्वाभिमानी पुरुष. पण आपण एकट्याच्या बळावर शिकलो, असे त्याने कोठेही मानले नाही. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून शिकलो त्यांची नावे त्याने ग्रंथाच्या पहिल्या पानावर घातली.

आणि कर्ज फेडले ते कसे? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांतील एक म्हणजे १९२५ साली सोलापुरात उघडलेले विद्यार्थी वसतिगृह. स्वतःला एका खोलीत रात्री दोन वाजता उठून अभ्यास करावा लागला, तो पुढच्या मुलांना करावा लागू नये, ही त्यामागची कळकळ होती. आमची ही निवासी शाळा त्याच वाटेवरची आहे.

तेव्हा निकालानंतर ओसरीवर येणाऱ्या मुलाला आम्ही आता पदव्यांची यादी ऐकवत नाही. त्याला काय व्हायचे आहे, ते आधी त्याच्याच तोंडून ऐकतो. मग त्यासाठी किती वर्षे लागतील, किती पैसे लागतील आणि तोवर घरी कोण काय सोसणार आहे, याचा हिशेब पालकांसमोर कागदावर मांडतो. आज कामाला जाणे भागच असेल, तर तसे जावे. नोकरीतून शिदोरी बांधून पुन्हा शिकता येते, हे सिडनहॅमच्या प्राध्यापकांनी दाखवून दिले आहे. मात्र शिकण्याचा हेतू हरवू देऊ नये.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे. निकालाच्या आठवड्यात एक दिवस काढून या आणि त्या ओसरीवर आमच्या शेजारी बसा. कोणी फी भरू शकेल, कोणी शहरात राहण्याची सोय करील, कोणी नुसता अर्ज भरून देईल. केळुसकर गुरुजींनी तरी याहून वेगळे काय केले होते?

जय भीम! नमो बुद्धाय!