कै. बाळू पालवणकर : हिंदी क्रिकेटचे आद्य गोलंदाज

आमच्या समाजातील ज्येष्ठ मंडळींच्या तोंडून ज्यांचे नाव आजही अभिमानाने ऐकू येते, त्या कै. बाळू पालवणकर यांचा अल्पसा जीवनपरिचय ज्ञातिबांधवांस सादर करताना आम्हांस समाधान वाटते. निमगाव सावा येथील मोकळ्या रानात काठीचे यष्टी रोवून खेळणाऱ्या मुलांस हे नाव ठाऊक असतेच असे नाही. म्हणून हा प्रपंच.

बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. मूळचे हे घराणे कोकणातले. वडील पुण्यास लष्कराच्या सेवेत होते. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळ्यांनी बाळू व धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचा श्रीगणेशा केला. पुढे पुण्यातील पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामी बाळू दरमहा तीन रुपयांवर लागले. तेथून ते युरोपियनांच्या क्लबात गेले. पगार एक रुपयाने वाढला, आणि सरावाच्या जाळीत साहेबांना गोलंदाजी करण्याचे काम मिळाले. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत, व बाद झाल्यास आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. बाळूंचा डावा हात त्यातूनच तयार झाला. परंतु इतक्या वर्षांत त्यांच्या हाती फळी म्हणून कोणी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान होता आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम!

त्यांची कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस खेळावयास घ्यावे की नाही यावर पुष्कळ खल झाला. अखेर घेतले, कारण साहेबांना हरवावयाचे होते. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. ही हकीकत आम्ही मुद्दाम लिहितो, कारण गौरवपर चरित्रांत ती बहुधा गाळली जाते. सातारच्या युरोपियनांनी बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरविला होता म्हणतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद करून सामना जिंकून दिला. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत जेवावयास का नको, असा खडा सवाल न्या. रानडे यांनी त्यानंतर संघातील मंडळींस केल्याचे प्रसिद्ध आहे.

पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांस नोकरी मिळाली. रेल्वेच्या संघातही ते खेळत. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर खेळाच्या बळावर पोट भरणारे ते आपल्याकडील अगदी आरंभीचे खेळाडू होत. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळविला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला सर्वधर्मीय हिंदी संघ विलायतेस गेला. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. पण पस्तिशीतल्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, तेही सरासरी १८.८४ धावांत. लेस्टरशायरवरील विजयात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढून एका गड्याने सामना जिंकून दिला. कारकिर्दीतील ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत बाळूंचे बळी १७९ भरतात.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांनी कृष्णवर्णीयांस कित्येक दशके मैदानातच येऊ दिले नाही. ते दार १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी उघडले. आपल्याकडे मैदान त्याआधीच खुले झाले होते. बंद राहिले ते कर्णधारपद. बाळूंहून कितीतरी कमी योग्यतेचे गृहस्थ हिंदू संघाचे नायक झाले, बाळू मात्र झाले नाहीत. १९२० साली बाळूंस वगळून नायकपद दुसऱ्याकडे दिल्यावर शिवराम व विठ्ठल हे बंधू निषेधार्थ संघाबाहेर राहिले. त्याचा परिणाम असा झाला की अंतिम सामन्यास बाळूंना उपनायक नेमले, व नायक पै यांनी काही काळ मैदान सोडून त्यांस संघ चालविण्याची संधी दिली. थोरल्यास जे मिळाले नाही, ते विठ्ठल यांनी १९२३ साली मिळविले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्रही लिहिले.

आता एक नाजूक विषय. बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डॉ. आंबेडकरांस तरुणपणी बाळूंविषयी मोठा आदर होता. असे असता १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. यावरून आमच्या घराघरांत पूर्वी वाद झाले, अजूनही होतात. ती उमेदवारी त्यांनी स्वीकारावयास नको होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु त्या एका निवडणुकीपायी ज्यांनी हे नाव समाजाच्या आठवणीतून जवळजवळ पुसून टाकले, त्यांनी त्यांच्या चाळीस वर्षांच्या झुंजीवर अन्याय केला, हेही आम्हांस तितकेच स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.