दक्षिण ध्रुवाची शर्यत आणि एक लपवलेली गोष्ट

पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि उलटा करून बघा. अगदी तळाशी पांढरा रंग दिसेल. तो अंटार्क्टिका खंड. त्याच्या आत, किनाऱ्यापासून खूप लांब, दक्षिण ध्रुव आहे. १९११ सालापर्यंत तिथे एकाही माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. तिथे सगळ्यात आधी पोहोचलेल्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव रोआल्ड आमुंडसेन.

रोआल्डचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेमध्ये झाला. घरात जहाजांचा धंदा होता. चार भावांमध्ये तो सगळ्यात धाकटा. तो १४ वर्षांचा असताना वडील गेले. या मुलाने तरी समुद्रावर जाऊ नये, डॉक्टर व्हावं, असं आईला वाटायचं. रोआल्डच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. जॉन फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्दीची (दर्यावर्दी म्हणजे समुद्रावर दूरचा प्रवास करणारा) हकिकत वाचल्यापासून त्याला ध्रुवाचा ध्यास लागला होता. थंडीची सवय व्हावी म्हणून तो ऐन हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून झोपायचा! आईचं मन मोडायला नको म्हणून त्याने डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला. पण १८९३ मध्ये आई वारली आणि त्याने कॉलेज सोडलं.

१८९७ मध्ये तो ‘बेल्जिका’ जहाजावरून अंटार्क्टिकाला गेला. जहाज बर्फात अडकलं आणि सगळ्यांना तिथेच हिवाळा काढावा लागला. ताजं अन्न नसल्यामुळे लोकांना स्कर्व्ही हा आजार झाला. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सगळ्यांना सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खायला लावलं. त्यामुळे बरेच जण वाचले. आमुंडसेनने ही गोष्ट मनात पक्की ठेवली.

१९०३ मध्ये तो सहा सोबत्यांना घेऊन ‘योआ’ नावाच्या छोट्या जहाजातून निघाला. कॅनडाच्या उत्तरेकडून, बर्फातून वाट काढत, अटलांटिकमधून पॅसिफिक महासागरात जायचं होतं. तोपर्यंत कोणत्याही जहाजाला हे जमलं नव्हतं. या प्रवासात दोन हिवाळे तो एकाच जागी राहिला. तिथे नेत्सिलिक इनुइट लोकांची वस्ती होती. त्या काळी बरेच युरोपी प्रवासी अशा लोकांना मागासलेले समजायचे. आमुंडसेन मात्र त्यांचा विद्यार्थी झाला. लोकरीचे कपडे घामाने ओले होतात आणि मग गोठतात. इनुइट लोक हरणाच्या कातड्याचे सैल कपडे घालायचे, म्हणजे आत हवा खेळती राहते. ते कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची बर्फगाडी कशी हाकायची, बर्फाचं घर कसं बांधायचं, हे सगळं तो शिकला. १९०६ मध्ये त्याने तो समुद्रमार्ग पूर्ण केला.

आता त्याला उत्तर ध्रुव गाठायचा होता. नॉर्वेचे मोठे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी त्यासाठी ‘फ्राम’ हे मजबूत जहाज मिळवून दिलं. पण १९०९ मध्ये बातमी आली, की उत्तर ध्रुव सर झाला. तिथे आपणच पहिले पोहोचलो, असं दोघे अमेरिकन सांगत होते. एक रॉबर्ट पिअरी आणि दुसरे आपले ‘बेल्जिका’वाले डॉक्टर कुक! (आज दोघांच्याही दाव्यांवर शंका घेतली जाते.)

आमुंडसेनने मनातल्या मनात दिशा बदलली. उत्तर नाही, दक्षिण! पण त्याने हे नान्सेनला सांगितलं नाही, आणि पैसे देणाऱ्यांनाही सांगितलं नाही. तिकडे इंग्लंडचा कॅप्टन रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवावर जायची उघड तयारी करत होता. त्यालाही काही कळू दिलं नाही. ऑगस्ट १९१० मध्ये ‘फ्राम’ नॉर्वेहून निघालं. खरा बेत फक्त आमुंडसेनच्या एका भावाला आणि मोजक्या अधिकाऱ्यांना माहीत होता. मदेरा बेटावर पोहोचल्यावर त्याने खलाशांना खरं सांगितलं आणि तुमची तयारी आहे का, असं विचारलं. सगळे तयार झाले. स्कॉट ऑस्ट्रेलियात पोहोचला, तेव्हा त्याच्या हातात एक तार पडली. आमुंडसेन अंटार्क्टिकाला निघाला आहे, एवढंच त्यात होतं. शर्यत सुरू झाली!

आमुंडसेनला घाई झाली होती. सप्टेंबर १९११ मध्ये, हिवाळा पुरता संपायच्या आतच, तो निघाला. अति घाई संकटात नेई, म्हणतात ना? तसंच झालं. थंडी उणे ५० अंशांच्या खाली गेली आणि सगळ्यांना परत यावं लागलं. एका सोबत्याने, यालमार योहानसेनने, सगळ्यांसमोर त्याला बोल लावला. आमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा निघाला. पाच माणसं, चार गाड्या आणि ५२ कुत्रे. वाटेवर अन्नाचे साठे आधीच करून ठेवले होते. ते चुकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लांबपर्यंत निशाणं रोवली होती. वाटेत त्यांनी २४ कुत्रे मारले आणि त्यांचं मांस माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्लं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. पण हा हिशोब त्याने आधीच केला होता. १४ डिसेंबर १९११ रोजी ते पाचही जण दक्षिण ध्रुवावर उभे होते.

तिथे त्यांनी एक छोटा तंबू ठोकला. त्यात नॉर्वेच्या राजासाठी पत्र ठेवलं आणि ते पोहोचवायची विनंती स्कॉटला केली. आपण वाटेत मेलो तर निदान पत्र तरी पोहोचेल, असा त्याचा विचार होता. पण झालं उलटंच. आमुंडसेनची तुकडी सुखरूप परतली. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोहोचला आणि तिथे त्याला तो तंबू सापडला. स्कॉटची तट्टं आणि मोटारगाड्या केव्हाच मागे पडल्या होत्या आणि माणसंच गाडी ओढत होती. परतीच्या वाटेवर ते पाचही जण वारले. पुढे स्कॉटच्या सामानात राजाचं ते पत्र सापडलं. आमुंडसेन खरंच जिंकला होता, याचा पुरावा हरलेल्या माणसाने जपून ठेवला होता.

यानंतर स्कॉटसाठी लोक रडले. आमुंडसेनने शर्यत लपवली, याचा राग इंग्लंडमध्ये अनेकांना होता.

१९२६ मध्ये आमुंडसेन इटलीच्या उंबेर्तो नोबिलेबरोबर हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेला. श्रेय कोणाचं, यावरून दोघांचं मोठं भांडण झालं. दोन वर्षांनी नोबिलेचं दुसरं हवाई जहाज बर्फावर कोसळलं. ही बातमी कळताच ५५ वर्षांचा आमुंडसेन त्याच नोबिलेला शोधायला निघाला. १८ जून १९२८ रोजी त्याचं विमान नॉर्वेच्या ट्रोम्सो गावाहून उडालं. नोबिले काही दिवसांनी वाचला. आमुंडसेन आणि त्याचे पाच सोबती मात्र परत आलेच नाहीत.

विचार करा आणि मराठीत बोला

१. आमुंडसेनने आपला बेत लपवला, हे तुम्हाला योग्य वाटतं का? का?
२. इनुइट लोकांकडून शिकलेल्या कोणत्या गोष्टी त्याला दक्षिण ध्रुवावर उपयोगी पडल्या?
३. ज्याच्याशी भांडण झालं, त्यालाच शोधायला तो का गेला असेल?