बार्शी लाईटचा कॅलथ्रॉप : पाच टनांच्या नियमात बसवलेलं इंजिन

नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात कधी गेलात तर खिशात मोजपट्टी ठेवा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलंत तर ७६२ मिलिमीटर भरेल, म्हणजे बरोबर अडीच फूट. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे जाणारी छोटी गाडी याच मापाची होती, आणि गोंदिया १९९९ पर्यंत आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं. नागपूर-नागभीडची गाडीही याच मापाची. ती २०१९ मध्ये थांबली. त्यामुळे आता हे माप बघायचं तर संग्रहालयात, नाहीतर कुणाच्या तरी टेबलावरच्या मॉडेलमध्ये.

ज्यांना जुन्या इंजिनांची मॉडेल्स बनवायचा नाद आहे त्यांच्या गप्पांत एक नाव हटकून येतं : एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी रुळांवरून खरोखर मोठा माल नेता येतो, हे या माणसाने महाराष्ट्रात, बार्शीला करून दाखवलं.

कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. घर शेतकऱ्याचं. एक भाऊ गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला, म्हणजे रेल्वे या घराच्या रक्तातच शिरली म्हणायची. एव्हरार्डने सुरुवात केली रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात, मग १८७४ पासून क्रू इथे उमेदवारी, मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला.

इथे त्याला एक गोष्ट खटकली. जीआयपीची मुख्य लाईन सोलापूरकडे जाताना बार्शीला बाजूला टाकून गेली होती. बार्शी कापसाची मोठी पेठ, आणि रेल्वे २१ मैलांवर. तेवढं अंतर माल बैलगाडीने न्यायचा. मुख्य लाईनसारखी साडेपाच फुटी ब्रॉडगेज तिथे टाकावी तर खर्च निघणार नाही, आणि काहीच टाकलं नाही तर पेठ बैलांच्या पायांवर अवलंबून. कॅलथ्रॉपचं म्हणणं होतं की यावर उत्तर हलक्या रेल्वेचं आहे. ते पटवून देण्यात वर्षांमागून वर्षं गेली. बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहायला १८९५ उजाडलं आणि गाडी धावली ती १८९७ मध्ये.

आता इथे थोडं थांबून तंत्र समजून घेऊ, कारण कॅलथ्रॉपची खरी कमाल इथेच आहे.

रेल्वेचा खर्च सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असतो? गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका ॲक्सलवर किती भार येतो, यावर. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. हा भार जितका जास्त तितका रूळ जाड, पूल भक्कम, भराव रुंद. कॅलथ्रॉपने नियम ठरवला की कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, सगळ्यांना हाच नियम. मग रूळ ३० पौंडी चालतो. ३० पौंडी म्हणजे एका यार्डाला ३० पौंड, साधारण मीटरला १५ किलो. आज मुख्य लाईनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्याच्या पाव हिस्सा!

पण मग इंजिन दुबळं होणार ना? यावर त्याचा तोडगा साधा होता : वजन कमी करू नका, वाटून टाका. लीड्सच्या किटसन कारखान्यात बार्शीची पहिली इंजिनं बनली, ती ०-८-४ मांडणीची. हे आकडे कसे वाचायचे? पुढे आधाराची चाकं शून्य, मधे एकमेकांना जोडलेली ओढणारी चाकं आठ, मागे कोळशाच्या बाजूला आधाराची चाकं चार. म्हणजे एकूण सहा ॲक्सल. प्रत्येकी ५ टन धरले तर इंजिन ३० टनांपर्यंत जाऊ शकतं, आणि त्यातले २० टन ओढणाऱ्या चाकांवर येतात. चाक रुळावर घसरू नये यासाठी हेच वजन कामी येतं. मालडब्यांचंही तसंच. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची चौकट आणि खाली दोन बोगी, म्हणजे चार ॲक्सल. रिकामा डबा हलका असल्यामुळे उरलेली सगळी मर्यादा मालाला मिळते. हा सगळा जामानिमा भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्याने लोकांना चालवून दाखवला. आजच्या भाषेत डेमो दिला म्हणा.

बार्शीनंतर ही लाईन थांबली नाही. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. गोंदियाकडची अडीच फुटी लाईन १९०३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे बार्शीनंतर सहाच वर्षांनी. १८९८ मध्ये कॅलथ्रॉपने बार्बाडोस बेटावरची साडेतीन फुटी रेल्वेही अडीच फुटांवर आणली. माप त्याने धरूनच ठेवलं होतं.

इंग्लंडमध्ये त्याचं नाव टिकलं ते लीक अँड मॅनिफोल्ड या सव्वाआठ मैलांच्या चिमुकल्या लाईनमुळे. १९०४ ला ती सुरू झाली. तिथे दोनच इंजिनं होती, २-६-४ मांडणीची, तीही किटसनची, आणि एकाचं नावच ई. आर. कॅलथ्रॉप. समोर भलामोठा हेडलॅम्प, थेट आपल्याकडच्या इंजिनासारखा. शिवाय त्याने वाहक डबे बनवले : मोठ्या लाईनचा अख्खा मालडबा छोट्या लाईनच्या सपाट डब्यावर चढवायचा आणि तसाच पुढे न्यायचा. माल उतरवा-चढवायची हमाली वाचली. तरीही १९३४ मध्ये ती लाईन बंद झाली आणि दोन्ही इंजिनं भंगारात गेली. एकही उरलं नाही.

म्हणूनच मॉडेलवाल्यांचं या इंजिनांवर एवढं प्रेम आहे. अस्सल वस्तू नाही, फक्त आराखडे आणि फोटो. आणि गणित तर बघा किती गंमतीचं आहे. ब्रिटिश पद्धतीच्या मॉडेलमध्ये खरा एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण १:७६.२. ७६२ ला ७६.२ ने भागा, बरोबर १० मिलिमीटर येतात. पण बाजारात तयार रूळ आणि मोटारचे सांगाडे मिळतात ९ मिलिमीटरचे. बहुतेक लोक ९ वरच भागवतात. लीक अँड मॅनिफोल्डच्या इंजिनाला चौकट चाकांच्या बाहेरून आहे, त्यामुळे आत लपलेल्या चाकांमधला तो एक मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांत येत नाही. कॅलथ्रॉपने नकळत मॉडेलवाल्यांची सोयच केली!

आयर्लंडच्या इंजिनांचे शौकीन याच्या अगदी उलट कात्रीत सापडतात. त्यांची मोठी लाईन सव्वापाच फुटी, म्हणजे या प्रमाणात २१ मिलिमीटर, आणि बाजारात तयार मिळतो तो १६.५ चा. आपल्या ब्रॉडगेजचं मॉडेल करायचं तर २२ हवेत, म्हणजे आपलं दुखणं तेच, थोडं जास्तच. पण त्यांची छोटी लाईन तीन फुटी, तिला १२ मिलिमीटर लागतात आणि त्या मापाचा रूळ तयार मिळतो. मग लॉक स्विली रेल्वेचं १९१२ चं ४-८-४ टाकीवालं इंजिन करायला ते हौसेने बसतात. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात नोकरी करणाऱ्या सिरिल फ्रायने तर आयुष्यभर आयरिश गाड्यांची मॉडेल्स केली, ती आज मालाहाइडला लोकांना बघायला मिळतात. आपल्याकडे मॉडेल रेल्वे बघायची तर पुण्याला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय गाठावं.

कॅलथ्रॉपच्या शेवटच्या वर्षांची गोष्ट मात्र रुळांची नाही. रोल्स-रॉईसमधला चार्ल्स रोल्स त्याचा मित्र होता. तो १९१० मध्ये विमान अपघातात गेला, आणि कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याच्या गार्डियन एंजल पॅराशूटची पिशवी विमानाला बांधलेली असे. वैमानिकाने उडी मारली की त्याच्याच वजनाने दोरी ताणून छत्री बाहेर यायची. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ती दाखवण्यात आली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरलीही गेली. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांना ती मिळाली नाही. जर्मन वैमानिक १९१८ मध्ये पॅराशूटने उतरून जीव वाचवत होते, तेव्हा ब्रिटिश पोरं जळत्या विमानासकट खाली येत होती. बार्शीसाठी सरकारला पटवायला कॅलथ्रॉपकडे वर्षं होती, इथे नव्हती. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं अपयश हेच, आणि त्यात त्याच्या यंत्राचा दोष फार थोडा होता.

याच काळात तो अरबी घोडे पाळत होता, आणि १९२० मध्ये घोड्यांवर त्याचं पुस्तकही आलं. ३० मार्च १९२७ ला तो गेला, त्याच वर्षी त्याची लाईन मिरजेला पोचली. बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारकडे आली आणि या शतकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

मॉडेल करून बघायचंच असेल तर बार्शीच्या ०-८-४ पासून सुरुवात करू नका, आठ जोडचाकांचा छोटा सांगाडा जुळवणं नवख्याला जड जातं. आधी एक मालडबा करा. प्लॅस्टिक शीट, दोन तयार बोगी आणि एक धारदार कटर एवढ्यावर तो होतो. फक्त कापण्याआधी दोनदा मोजा, कारण या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या डब्यावर जवळजवळ चार सेंटीमीटर.