ग्रंथांचे राखणदार : खुदाबख्श खान

रद्दीवाला मोहल्ल्यात येतो तेव्हा काय होते, ते तुम्ही नेहमी पाहता. वर्तमानपत्रे, भरलेल्या वह्या आणि जुनी पुस्तके एकाच तराजूत पडतात. तराजूला अक्षरे वाचता येत नाहीत. त्याला फक्त वजन कळते. म्हणून कधी कधी फार मोलाचे पुस्तकही कवडीमोलाने विकले जाते. अशी पुस्तके वाचवण्यासाठी एका माणसाने आपली सारी कमाई खर्च केली. त्यांचे नाव खुदाबख्श खान.

खुदाबख्श यांचा जन्म २ ऑगस्ट १८४२ रोजी बिहारमध्ये झाला. त्यांचे वडील मोहम्मद बख्श पाटण्याला वकिली करत. त्यांना जुन्या ग्रंथांचा फार शौक होता. पोटाला चिमटा घेऊन ते ग्रंथ विकत घेत. पुढे वडील आजारी पडले आणि घराची जबाबदारी तरुण खुदाबख्श यांच्यावर आली. त्यांनी कोर्टात पेशकाराची नोकरी केली. काही काळ शाळा तपासण्याचे कामही केले. नोकरी सांभाळून त्यांनी कायद्याचे शिक्षण पुरे केले आणि १८६८ मध्ये पाटण्यात वकिली सुरू केली. थोड्याच वर्षांत त्यांचा चांगला जम बसला.

१८७६ मध्ये वडिलांचा अंतकाळ जवळ आला. त्यांच्याजवळ १,४०० हस्तलिखिते होती. त्यांनी मुलाला जवळ बोलावले आणि आपली शेवटची इच्छा सांगितली. या ग्रंथांचे एक ग्रंथालय व्हावे आणि ते सर्व लोकांसाठी खुले असावे, अशी ती इच्छा होती. जमीनजुमला किंवा पैसा मागे ठेवणारे पुष्कळ असतात. या पित्याने मुलाच्या हाती एक काम ठेवले. मुलाने ते आनंदाने स्वीकारले.

आता तुम्ही विचाराल, हस्तलिखित म्हणजे काय? छापखाने नव्हते तेव्हा प्रत्येक ग्रंथ हाताने लिहावा लागे. कातिब महिनोन् महिने बसून एक प्रत तयार करत असे. काही ग्रंथांच्या फक्त दोन-चार प्रती असत, तर काहींची एकच. ती एक प्रत नाहीशी झाली, की ग्रंथच जगातून नाहीसा होई. मोगल सत्ता दुबळी झाली तेव्हा अनेक शाही आणि खानदानी कुतुबखाने विस्कटले. १८५७ च्या धामधुमीत दिल्ली आणि लखनौ येथे मोठी लूट झाली. त्यात पुस्तकेही गेली. पुढे छापील पुस्तके स्वस्तात मिळू लागली. मग घराघरांतली हस्तलिखिते अडगळीत पडली. काहींना वाळवी लागली, काही ओलीने कुजली, तर काही दुकानदारांच्या हाती गेली.

हे ग्रंथ मिळवण्यासाठी खुदाबख्श यांनी एक नवी रीत काढली. कोणी हस्तलिखित घेऊन पाटण्याला आला, तर ते त्याला रेल्वेचे दुप्पट भाडे देत. ग्रंथ विकत घेतला नाही तरी भाडे मिळतच असे. ही बातमी गावोगावी पसरली. ज्यांनी आपले जुने ग्रंथ कोपऱ्यात टाकले होते, तेही ते झटकून पाटण्याची वाट धरू लागले. त्यांतले काही ग्रंथ बिनमहत्त्वाचे निघत. पण एखादे अनमोल रत्नही हाती लागे. पदरचे भाडे गेले तरी चालेल, पण रत्न सुटता कामा नये, असा त्यांचा हिशेब होता.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. मोहम्मद मक्की नावाच्या एका जाणकार अरब गृहस्थाला त्यांनी महिना ५० रुपये पगारावर नेमले. मक्की यांनी १८ वर्षे हे काम केले. इजिप्त, सीरिया, अरबस्तान आणि इराण या देशांतून ते दुर्मिळ ग्रंथ शोधून पाठवत. अशा रीतीने १,४०० ग्रंथांचे सुमारे ४,००० झाले. वकिलीत मिळालेला पैसा ग्रंथांत आणि त्यांच्यासाठी गंगेच्या काठी बांधलेल्या इमारतीत गेला. ५ ऑक्टोबर १८९१ रोजी हे ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. खुदाबख्श यांनी रीतसर दस्तऐवज करून आपला सारा संग्रह लोकांना देऊन टाकला. त्यांची अट एकच होती. हे ग्रंथ पाटण्याबाहेर जाऊ नयेत.

१८९५ मध्ये ते हैदराबादला निजामाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. एकदा ते कोर्टातून घरी निघाले होते. वाटेत पिठाचे एक दुकान लागले. दुकानात अंधूक उजेड होता. तेवढ्या उजेडातही पोत्यांवर पडलेला जुन्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या नजरेस पडला. ते थांबले, गठ्ठा चाळला आणि किंमत विचारली. म्हातारा दुकानदार मोठा चतुर होता. दुसऱ्या कोणाला हे कुजके कागद ३ रुपयांना दिले असते. पण खुद्द न्यायाधीशांना ते हवे आहेत म्हणजे त्यांत काहीतरी असणार, हे त्याने ओळखले. त्याने २० रुपये मागितले. खुदाबख्श यांनी ते मुकाट्याने दिले. त्या गठ्ठ्यात एक अत्यंत दुर्मिळ अरबी ग्रंथ निघाला. पुढे निजामाने त्यासाठी ४०० रुपये देऊ केले. पण त्यांनी तो दिला नाही.

ग्रंथ मिळवणे कठीण, तसे ते सांभाळणेही कठीण. एकदा पुस्तके बांधणाऱ्या कारागिरानेच ग्रंथालयातून काही मौल्यवान हस्तलिखिते चोरली आणि लाहोरच्या एका दलालाकडे पाठवली. त्या दलालाला चोरीची काहीच कल्पना नव्हती. इतक्या जुन्या ग्रंथांना चांगली किंमत कोण देईल, याचा त्याने विचार केला. त्याला एकच नाव सुचले. त्याने ते ग्रंथ विकण्यासाठी खुदाबख्श यांनाच कळवले! अशा रीतीने चोरी उघडकीस आली आणि ग्रंथ घरी परतले.

मित्रांनो, खरी कसोटी याहून मोठी होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने हा संग्रह विकत घेण्याची इच्छा दाखवली. देऊ केलेली रक्कम फार मोठी होती. खुदाबख्श श्रीमंत नव्हते. जे मिळवले ते ग्रंथांवर गेले होते. तरीही त्यांनी नकार दिला. ज्या ग्रंथांसाठी बापलेकांनी आयुष्य वेचले, ते पाटण्याच्या लोकांचे आहेत. लोकांची ठेव विकायची कशी, असे त्यांना वाटे.

हैदराबादहून परतल्यावर त्यांना अर्धांगवायूने गाठले. वकिली थांबली. डोक्यावर कर्ज होते. शेवटी सरकारने कर्ज फेडण्यासाठी ८,००० रुपये मंजूर केले. ज्याच्या कपाटांत लाखमोलाचे ग्रंथ होते, त्याच्यावर अशी वेळ आली. एखादा ग्रंथ गुपचूप विकला असता तर सहज निभावले असते. त्यांनी तसे केले नाही. ३ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

आज या ग्रंथालयात सुमारे २१,००० हस्तलिखिते आहेत. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. येथे हाफिज यांच्या काव्याची एक प्रत आहे. तिच्या कडेला हुमायून आणि जहांगीर या बादशहांनी स्वतःच्या हाताने टिपणे लिहिली आहेत. अकबराच्या काळातला ‘तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया’ हा सचित्र ग्रंथही येथेच आहे. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जगाच्या मौल्यवान ठेव्यांच्या यादीत केली. हे ग्रंथ पाहायला आणि अभ्यासायला देशोदेशीचे विद्वान पाटण्याला येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पुष्कळ राजे-नवाबांनीही ग्रंथ जमवले होते. पण ते महालात कुलूपबंद राहिले आणि महाल पडताच विखुरले. खुदाबख्श यांनी ग्रंथ वाचवले आणि मग आपल्या कपाटाचे दार सर्वांसाठी उघडले. म्हणूनच ते ग्रंथ टिकले. ज्या पुस्तकाला वाचक आहे, त्याला राखणदारही मिळतो.

तुमच्याही घरी माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत आजोबा-नानांची जुनी पुस्तके असतील. पाने पिवळी पडली असतील, शिवण उसवली असेल. ती तराजूत जाण्यापूर्वी एकदा हातात घ्या. धूळ झटका. पहिले पान उघडून लेखकाचे नाव आणि साल वाचा. वाचता आले नाही तर घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना दाखवा. घरात जागा नसेल तर ती शाळेच्या ग्रंथालयाला द्या. त्या पिठाच्या दुकानासमोरून त्या दिवशी कितीतरी माणसे गेली असतील. थांबला तो एकच.